तेरीज आणि ताळेबंद
सराव परीक्षेत कमी गुण मिळवणाऱ्या, पण डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

ऑक्टोबर २०२४ मधील गोष्ट. दसरा नुकताच झाला होता आणि इतवारीत दिवाळीच्या खरेदीची गर्दी सुरू झाली होती. धाकट्या भावाच्या दुकानी सहज गेलो, तर तो गादीवर खिन्न बसलेला. गिऱ्हाइकांकडे नोकर बघत होता. भावाने न बोलता मोबाइल माझ्यासमोर धरला. माझ्या पुतणीच्या शिकवणी वर्गाने घेतलेल्या नीटच्या सराव परीक्षेचा तो निकाल होता : ७२० पैकी ४२५.

"दादा, मेडिकल गेलं हातचं," तो म्हणाला. "आता सांग, पोरीला बी.कॉम.ला घालू की एक जण 'सीट पक्की करून देतो' म्हणतो, त्याच्याशी बोलू?"

मी त्याला एकच प्रश्न विचारला, "तिचा पेपर पाहिलास का?" तो म्हणाला, "पेपरात काय पाहायचं? गुण समोर आहेत ना!"

हे उत्तर मला अनोळखी नव्हते. २००६ साली माझा मुलगा बारावीत असताना राज्याच्या सीईटीची तयारी करीत होता. त्याच्या सराव परीक्षांचे गुण असेच बेताचे येत. घरी पाहुणे बसलेले असताना मी बोलून गेलो, "हे काही डॉक्टरकीचं पोर नाही." त्याने वाद घातला नाही. परीक्षा दिली, पण मनातून ती त्याने त्याच दिवशी सोडली होती. पुढे त्याने बी.एस्सी. केले आणि आज तो पुण्यात चांगल्या नोकरीत आहे. तक्रारीला जागा नाही. मात्र निवृत्तीनंतर घर बदलताना माळ्यावरच्या पेटीत त्याच्या सराव परीक्षांच्या उत्तरपत्रिका सापडल्या. बँकेतली जुनी सवय म्हणून मी त्या चाळल्या. ज्या प्रश्नांना त्याने हात घातला होता त्यांतील बहुतेक बरोबर होते. पण प्रत्येक पत्रिकेत शेवटची पंचवीस-तीस वर्तुळे कोरी होती. मुलाला विषय येत होता, वेळ पुरत नव्हता. हा दोष दोन-तीन महिन्यांत सुधारता आला असता. चौतीस वर्षे मी लोकांचे ताळेबंद तपासले आणि घरातला हा एक कागद उलटून पाहिला नाही.

म्हणून भावाला म्हणालो, "दोन्ही निर्णय आठवडाभर थांबव. आधी पेपर पाहू."

बेरीज काय सांगते, काय लपवते

आपल्या व्यापारी कुटुंबांत तेरीज आणि ताळेबंद यांतील फरक शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. तेरीज ही मधल्या टप्प्यावरची तपासणी. चुका सापडाव्यात म्हणून ती काढायची. ताळेबंद वर्षाअखेरीस होतो. सराव परीक्षा ही तेरीज आहे. तिच्या आकड्यावरून दुकान बंद करण्याचा निर्णय कोणी घेत नाही.

परदेशात, विशेषतः इंग्लंडमध्ये, या अंदाजी गुणांना फार मोठे स्थान आहे. तेथे विद्यार्थी वैद्यकीय प्रवेशाचा अर्ज ऑक्टोबरमध्ये, म्हणजे अंतिम परीक्षेच्या कितीतरी आधी करतो आणि शिक्षकांनी वर्तवलेली श्रेणी त्यासोबत जाते. २०२० मध्ये महामारीमुळे तेथील परीक्षाच रद्द झाल्या, तेव्हा शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी गणिती सूत्राने दुरुस्त करण्यात आल्या. सुमारे चाळीस टक्के श्रेणी खाली आल्या, देशभर संताप उसळला आणि सरकारला ते सूत्र काही दिवसांतच मागे घ्यावे लागले. आपल्याकडेही २०२१ मध्ये बारावीचा निकाल दहावी, अकरावी आणि बारावीच्या गुणांना ३०:३०:४० असा भार देऊन लावला गेला. परंतु वैद्यकीय प्रवेश त्या वर्षीही नीटवरच झाले. आपल्या मुलांच्या बाबतीत शिक्षकाचा किंवा शिकवणी वर्गाचा अंदाज प्रवेशाच्या कागदावर कोठेही जात नाही. तो अंदाज मुलाचे नुकसान करतो तो घरातच, आपण त्याला निकाल समजतो म्हणून.

चुकांची खतावणी

त्या रविवारी पुतणीला घेऊन बसलो. चार प्रश्न विचारल्यावर ती म्हणाली, "मोठे बाबा, तुम्ही बायोलॉजी शिकवणार?" मी म्हणालो, "मला त्यातले काही येत नाही. मी फक्त हिशेब मांडणार."

हिशेब असा होता. नीटमध्ये १८० प्रश्न मोजले जातात : भौतिकशास्त्र ४५, रसायनशास्त्र ४५ आणि जीवशास्त्र ९०. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. पुतणीचे ११८ बरोबर, ४७ चूक आणि १५ सोडलेले. ११८ गुणिले चार म्हणजे ४७२. त्यातून ४७ वजा जाता ४२५.

आता ते ४७ चुकलेले प्रश्न एकेक करून पुन्हा वाचले. वाणिज्य शाखेत आम्हाला शिकवले होते की, चूक सापडली एवढ्याने काम भागत नाही, ती कोणत्या जातीची हे ठरवावे लागते. नोंद करायची राहून गेली, नोंद चुकीच्या खात्यात पडली, की मुळात तत्त्वच कळले नाही, यावर दुरुस्ती अवलंबून असते. येथेही तसेच निघाले. १४ प्रश्न असे होते की उत्तर येत होते, पण 'अयोग्य विधान ओळखा' ऐवजी योग्य विधान निवडले, एकक बदलायचे राहिले, किंवा गुणाकारात घोटाळा झाला. १६ प्रश्न असे की धडा पूर्वी नीट अभ्यासला होता, पण आठवला नाही. ११ प्रश्नांतील संकल्पनाच समजलेली नव्हती. उरलेले ६ निव्वळ अंदाजाचे. सोडलेले १५ प्रश्न सर्व भौतिकशास्त्रातील आणि सर्व वेळ संपल्यामुळे सुटलेले.

चुकलेला प्रश्न बरोबर आला की फरक पाच गुणांचा पडतो. चार मिळतात आणि वजा होणारा एक वाचतो. म्हणजे वाचण्याच्या, आकडेमोडीच्या आणि विसरण्याच्या मिळून ३० चुकांत १५० गुण अडकले होते, आणि त्यासाठी एकही नवा धडा शिकायचा नव्हता. हे सर्वच गुण परत मिळतात असे नव्हे. परंतु व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ही बुडीत येणी नव्हती, थकीत होती. वसूल होऊ शकणारी. भावाने हा कागद पाहिला आणि पहिल्यांदा मुलीला विचारले, "मग पेपर संपत का नाही तुझा?"

वसुली कशी केली

आम्ही जे केले ते क्रमाने सांगतो. त्यात चमत्कार नाही.

पहिले, चुकांची एक वही केली. प्रत्येक सराव परीक्षेनंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी प्रत्येक चूक कोणत्या जातीची हे तिने स्वतः लिहायचे. शिकवणी वर्ग गुण कळवतो. चुकीची जात विद्यार्थ्यालाच ठरवता येते. तीन-चार परीक्षांनंतर त्याच त्या चुका डोळ्यांत खुपू लागतात आणि तेथूनच सुधारणा सुरू होते.

दुसरे, वाचण्याची पद्धत बदलली. पुतणी पिवळ्या शाईने रंगवलेले पान पुन्हा पुन्हा वाचत असे आणि 'झाले' म्हणत असे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते की, पाठ केलेले पहिल्या काही तासांत आणि दिवसांतच वेगाने विसरले जाते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे गट करून पाहिले. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले. पण आठवड्यानंतर पुढे गेले ते, ज्यांनी पुस्तक मिटून आठवण्याचा सराव केला होता. आपल्या पाठशाळेत लहानपणी पुस्तक मिटूनच म्हणून दाखवावे लागे, हे अनेकांना आठवत असेल. तीच रीत. एक धडा वाचायचा, पुस्तक मिटायचे, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचे. मग दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने तेच पुन्हा.

तिसरे, पुस्तके कमी केली. जीवशास्त्राला एकट्याला ३६० गुण आहेत, म्हणजे निम्मी परीक्षा. त्याचा आधार एनसीईआरटीचे पाठ्यपुस्तक. राज्य मंडळाच्या मुलांनी आपले पुस्तक सांभाळून हेही ओळीनओळ वाचले पाहिजे. २०२४ च्या परीक्षेपासून अभ्यासक्रमातील काही भाग वगळण्यात आला आहे. जुन्या मार्गदर्शकांतून तो वाचत बसणे म्हणजे बंद झालेल्या नोटा मोजणे.

चौथे, वेळेचा अर्थसंकल्प. जानेवारी २०२५ मध्ये पर्यायी प्रश्न रद्द झाले आणि १८० प्रश्नांना १८० मिनिटे असा नियम आला. प्रश्नामागे एक मिनिट. तथापि जीवशास्त्राचे ९० प्रश्न ५० मिनिटांत उरकता आले, तर उरलेल्या दोन विषयांसाठी १३० मिनिटे मिळतात. पुतणीने भौतिकशास्त्र प्रथम सोडवण्याचा हट्ट सोडला, आणि सुटलेल्या प्रश्नांची संख्या १५ वरून तीन-चारवर आली.

पाचवे, अंदाजाविषयी. 'खात्री नसेल तर सोडून दे' हा सल्ला सरसकट बरोबर नाही. चार पर्यायांतून डोळे मिटून एक निवडला, तर दीर्घकाळात प्रत्येक प्रश्नामागे सरासरी अवघा पाव गुण मिळतो. म्हणजे तो जवळजवळ बिननफ्याचा सौदा, वर वेळ जातो तो वेगळाच. पण दोन पर्याय निश्चित चूक आहेत हे ओळखता आले, तर तीच सरासरी दीड गुणावर जाते. अर्धवट ज्ञानालाही किंमत असते, अज्ञानाला नसते.

सहावे, भाषा. नीटची प्रश्नपत्रिका १३ भाषांत मिळते आणि त्यांत मराठी आहे. मराठी माध्यमाच्या मुलांना मराठी व इंग्रजी दोन्ही रूपे एकत्र मिळतात. मात्र भाषांतरात शंका आली तर इंग्रजी रूप ग्राह्य धरले जाते. म्हणून शास्त्रीय संज्ञा दोन्ही भाषांत ओळखीच्या हव्यात.

आलेख सरळ वर गेला असे समजू नये. डिसेंबरमध्ये गुण ४०९ वर घसरले, म्हणजे सुरुवातीपेक्षाही खाली. त्या रात्री भावाचा फोन आला. मी एवढेच विचारले, "वही भरली का तिने?" वहीत दिसले की वाचण्याच्या चुका १४ वरून ६ वर आल्या होत्या, नव्या धड्यांवरचे प्रश्न चुकले होते. धंद्यात नवा माल भरला की काही दिवस रोकड कमी दिसतेच. जानेवारीत ती ४७० वर आली आणि एप्रिलमध्ये ५४८ वर.

गुण आणि क्रमांक

४ मे २०२५ ची परीक्षा आठवली की अजून अनेक घरांत उसासे निघतात. भौतिकशास्त्राचा भाग अतिशय कठीण होता. पुतणीला एप्रिलच्या सराव परीक्षेपेक्षा तीसएक गुण कमी मिळाले. आदल्या वर्षीची प्रवेशयादी समोर ठेवून भावाने पुन्हा हाय खाल्ली.

येथे एक गोष्ट पालकांनी समजून घेतली पाहिजे. प्रवेश गुणांवर होत नाही, गुणवत्ता यादीतील क्रमांकावर होतो. २०२४ मध्ये सुधारित निकालानंतरही १७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण होते; २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्याचे गुण होते ६८६. रुपयाचे मोल जसे वर्षावर्षाला बदलते, तसे गुणांचेही बदलते. मागील वर्षीच्या यादीला यंदाचे गुण लावून रडणे किंवा हसणे, दोन्ही व्यर्थ. शिवाय 'पात्र' आणि 'प्रवेशित' यांतही अंतर आहे. खुल्या प्रवर्गासाठी पात्रतेची रेषा ५० पर्सेंटाइलची असते, आणि २०२५ मध्ये ती १४४ गुणांवर होती. तेवढ्या गुणांवर 'आमचा मुलगा नीट पास झाला' म्हणता येते. त्या बळावर शासकीय जागेची आशा धरता येत नाही.

जागांचे चित्र मात्र बदलते आहे. एके काळी नागपूरकरांच्या डोळ्यांसमोर दोनच नावे असत : १९४७ मध्ये सुरू झालेले मेडिकल आणि मेयो. आता मिहानमध्ये एम्स आहे, सेवाग्रामला १९६९ पासून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच वेळी १० शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यांपैकी अमरावती, भंडारा, बुलढाणा, गडचिरोली आणि वाशीम ही पाच आपल्या विदर्भातील. 'नागपूरच हवे' हा हट्ट सोडला तर पर्याय वाढतात.

पैशाच्या बाजूने चार शब्द

बँकेत आयुष्य गेले, म्हणून हे सांगितल्याविना राहवत नाही. 'सीट पक्की करून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. खाजगी महाविद्यालयातील प्रवेशही नीटच्या गुणवत्तेनुसार आणि अधिकृत फेऱ्यांमधूनच होतात, आणि त्यांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. परदेशी जायचे असले तरी नीटची पात्रता लागतेच आणि परतल्यावर परवाना परीक्षा आहेच. एजंटाने दाखवलेल्या रंगीत पत्रकात ती लहान अक्षरांत असते.

मुलाची फी दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून भरण्याची चूक मी अनेक घरांत पाहिली. खेळते भांडवल पाच-सहा वर्षे अडकते, हंगामात माल भरता येत नाही आणि मग घरात मुलाच्या शिक्षणाचा राग मुलावर निघतो. शैक्षणिक कर्ज याचसाठी आहे. पत हमी योजनेमुळे साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागितले जाऊ नये, आणि परतफेड शिक्षण संपल्यावर सुरू होते.

आणखी एक गैरसमज. २०१४ मध्ये आपल्या समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्याचा उपयोग शिष्यवृत्तीसारख्या योजनांसाठी आहे, कागद वेळेत तयार ठेवावेत. पण त्यामुळे नीटची पात्रता रेषा खाली येत नाही आणि शासकीय महाविद्यालयात राखीव जागाही मिळत नाही.

पुन्हा एक वर्ष द्यावे का?

हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही आणि कमाल वयाची अटही आता नाही. म्हणूनच मर्यादा घरानेच ठरवावी लागते. मी तीन गोष्टी पाहतो. गेल्या सहा महिन्यांत गुणांची दिशा कोणती? चुका वसूल होण्याजोग्या आहेत की संकल्पनाच कच्च्या आहेत? आणि सर्वांत महत्त्वाचे, पुन्हा बसण्याची इच्छा मुलाची आहे की आपली? पहिल्या दोन उत्तरांसाठी वही आहे. तिसऱ्यासाठी मुलाशी एकांतात बोलावे लागते, आणि बोलताना ऐकावे लागते.

पुतणीच्याच वर्गातील एका मुलाने हीच पद्धत धरून जवळजवळ नव्वद गुण वाढवले, तरी एम.बी.बी.एस. हुकले. नीटच्या गुणांवर दंतवैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, पशुवैद्यक हेही मार्ग उघडतात, आणि नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय, शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि पशुवैद्यक महाविद्यालय या तिन्ही संस्था आहेत. त्या मुलाने दुसरा प्रयत्न न करता आयुर्वेद निवडले. निर्णय त्याचा होता, म्हणून तो आनंदात आहे.

घरात मूल बोलेनासे झाले, जेवणावरून उठू लागले, रात्र रात्र जागू लागले, तर गुणांचा विषय त्या दिवशीच बंद करावा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. हा क्रमांक घरात लिहून ठेवण्यात कमीपणा नाही.

पुतणीला विदर्भातीलच एका शासकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला. घरापासून दूर आहे, वसतिगृह साधे आहे, पण ती रमली आहे. आमच्या घरी तिचे कौतुक सुरू असताना मी मुलाला पुण्याला फोन केला, आणि जी गोष्ट कित्येक वर्षे सांगायची राहिली होती ती सांगितली. माळ्यावरची पेटी, त्या पत्रिका, ती कोरी वर्तुळे.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा, डॉक्टर झालो असतो की नाही ते सोडा. पण तेव्हा तुम्ही पेपर हातात घेतला असता, तर बरं वाटलं असतं."

या अंकाच्या सुमारास अनेक घरांत सराव परीक्षांचे निकाल येत असतील. मुलाला काही बोलण्यापूर्वी पेपर हातात घ्यावा, एवढीच विनंती.